स्नेही म्हणून आत सोडावे

ती केस आठवली की मला आजही हसू येते, आणि हसता हसता थोडी लाजही वाटते.

मोठ्या दुष्काळाचे दिवस होते. जळकोटच्या पुढे हमरस्त्यावर लाल झेंडा दाखवून कुणीतरी पाण्याचे टँकर अडवते, अशी खबर एका ड्रायव्हरने दिली. मी नवा फौजदार, टोळी पकडायची हौस दांडगी. भर दुपारी चार शिपाई घेऊन बाभळींमागे सापळा लावला. टँकर थांबला. एक किडकिडीत माणूस पुढे आला, त्याने तांब्याभर पाणी मागून घेतले, कडेच्या लिंबाच्या रोपाला घातले आणि ड्रायव्हरला सलाम ठोकून वाट मोकळी केली. मुद्देमाल, एक तांब्या आणि एक लाल फडके.

ठाण्यात मी दरडावून विचारले, "साथीदार कोण कोण?"

"लिंब, करंज, चिंच," तो म्हणाला. "हाका मारत्यात साहेब. झोपू देत न्हाईत."

हवालदाराने तिन्ही नावे जबाबात उतरवली आणि पत्ते विचारले.

दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला. "वेड्याच्या इस्पितळात धाडा, कायमचं," एवढेच त्याचे म्हणणे होते. तिकडे गेलेला माणूस परत आलेला माझ्या पाहण्यात नव्हता. तरी मी मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा रिपोर्ट लिहायला घेतला. तेवढ्यात एक बाई दारात उभी राहिली.

"जयभीम साहेब. मला त्याला भेटायचंय."

"तुमचं नातं काय?"

"नातं न्हाय. दुष्काळी कामावर संगं खडी फोडली. काम चालू हुतं तवर ह्यो समद्यास्नी पाणी पाजायचा, नीट हुता. काम बंद पडलं अन् बिघडला."

"नातं नसेल तर कायद्यानं भेटता येत नाही, बाई."

ती पायरीवर बसली. "मग कायद्यानं मला उठवून दावा."

कलम शोधले. सापडले नाही. दुपारी मी मुकाट्याने तिला आत सोडले. तासाभरात त्या माणसाने दोन दिवसांत पहिल्यांदा भाकरी खाल्ली आणि म्हणाला, "आक्का झाडाला पानी घालणार आसंल तर म्या टँकर आडवनार न्हाय."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही तिला नातेच विचारले. मग पुस्तक उघडून म्हणाले, "नातेवाईक किंवा स्नेही, असं लिहिलंय इथं." जामीनखतावर तिने एकेक अक्षर जुळवत सही केली आणि त्याला घरी नेले.

पण उपचारासाठी त्याला वेड्यांच्या दवाखान्यात नेले, तर दारात पुन्हा तेच, तुम्ही कोण? तिला परत पाठवले. मला राग आला. ठाण्याच्या कागदावर लिहिले, "सदर बाई रुग्णाच्या स्नेही असून त्यांना सोबत आत सोडावे," आणि शिक्का हाणला. असा कागद द्यायचा मला काडीचा अधिकार नव्हता. शिवाय घाईत रुग्णाचे नावच घालायचे राहिले.

आमचा आरोपी औषधाने सावरला आणि दूध सोसायटीच्या आवारातली झाडे सांभाळू लागला. बाई मात्र थांबल्या नाहीत. कुणाची सून, कुणाचा बाप, ज्याला घरच्यांनी टाकले त्याला त्या दवाखान्यात नेत. चिठ्ठी तीच.

वार्षिक तपासणीला वरिष्ठ आले असताना त्या नेमक्या हजर झाल्या. चिठ्ठीची लक्तरे झाली होती, नवी हवी होती. साहेबांनी ती वाचली.

"ही कोणत्या कलमाखाली दिलीत?"

मी खरे तेच सांगितले. "कलम नाही, साहेब."

"किती माणसं नेली हिच्यावर?" त्यांनी बाईंना विचारले.

"अकरा. समदी आपापल्या घरी हायेत."

साहेबांनी शाईचे पॅड माझ्याकडे सरकवले. "शिक्का पुसट झालाय," म्हणाले.

नोकरीत इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या कागदाने दिला नाही. नाते नसलेल्या अशा स्नेह्यांना कायद्याने अधिकार हवेत का, असे आता कुणी विचारले, तर मी हो म्हणतो. माया त्या बाईंपाशी भरपूर होती, पण दार उघडले ते एका फौजदाराच्या रागामुळे. त्या दिवशी मी रजेवर असतो, तर ती अकरा माणसे कुठे असती?