काकडीत विष नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. चळवळीच्या बैठकीत दुसऱ्यांच्या चुका मी नाव घेऊन वाचून दाखवते – ही एक मात्र कधी वाचली नाही. आज तुला सांगते.

मी रनाळ्याची. वडील चळवळीतले, त्यामुळे घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. अक्षरओळख झाली तीही पत्रकांवरच. छापलेलं ते खरं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कॉलेजात गेल्यावर मीही लिहायला लागले, आणि माझं छापलेलंही मला खरंच वाटायचं.

पाऊस सरला की मला शिंका सुरू होतात. बांधाबांधावर गाजरगवत फुललेलं असतं, आणि माझे डोळे लाल. त्याच दिवसांत एकदा सारंगखेड्याच्या पुलाजवळ रेवाबाईकडून काकडी घेतली. नदीकाठच्या तुकड्यात ती काकडी लावायची आणि टोपली घेऊन रस्त्याकडेला बसायची. दोन फोडी खाल्ल्या – ओठ चुरचुरले, टाळू खाजायला लागली, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. थोड्या वेळाने सगळं ओसरलं. आठ दिवसांनी पुन्हा खाल्ली. पुन्हा तेच.

"काय फवारलं हिच्यावर?" मी गिऱ्हाइकांसमोर विचारलं.

रेवाबाईने टोपलीतली एक काकडी लुगड्याला पुसली आणि कचकन चावली. "दख, मी खाई ऱ्हायनी. मरनी का? तुन्हं तोंडच नाजूक शे, ताई. मन्ही काकडीले नावं नको ठेवू."

सगळे हसले. ते हसणं मला लागलं.

त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. 'पुलाजवळच्या काकडीत विष'. नाव घातलं नाही, पण पुलाजवळ काकडी विकणारी दुसरी होती कोण? पुरावा काय, तर माझं तोंड. आणि हेही ऐक – आमच्या घरच्या कपाशीवर काका पाठीवर पंप बांधून फवारत होते. त्यावर मी एक ओळ लिहिली नव्हती.

निम्मी पत्रकं रनाळ्याच्या बाजारात वाटली. निम्मी सारंगखेड्याच्या यात्रेसाठी ठेवली.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाचीही होते, नाही का? पण मी थांबले कुठे?

यात्रेच्या आधी शिंकांसाठी नंदुरबारला डॉक्टरांकडे गेले. बोलता बोलता काकडीचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, "शिजवलेली खाल्ली तर होतं?" नाही होत. आई काकडी किसून थालीपिठात घालते, ते मी पोटभर खाते. मग त्यांनी समजावलं – ज्यांना गाजरगवतासारख्या वनस्पतींच्या परागकणांची ॲलर्जी असते, त्यांतल्या काहींचं तोंड कच्ची काकडी, टरबूज खाल्लं की असं खाजतं. शरीराला दोन्ही सारखंच वाटतं. शिजवलं की तो त्रास बहुधा राहत नाही. "काकडीत काही नाही," ते म्हणाले, "तुमच्यात आहे."

मी मान डोलावली. गोळ्या घेतल्या. आणि दोन दिवसांनी यात्रेत, घोडे बघायला आलेल्या गर्दीत, उरलेली सगळी पत्रकं वाटली.

का? पत्रक मागे घेतलं असतं तर लोक पुन्हा हसले असते म्हणून. इतकंच. शब्द कुणी तोंडात घातले नव्हते, हात कुणी धरला नव्हता. एका माणसाने विचारलंसुद्धा, "ताई, हाई खरं शे का?" मी म्हटलं, "छापेल शे ना, भाऊ."

रेवाबाई यात्रेत टोपली घेऊन बसली होती. दिवसभर लोक तिच्यासमोरून पुढे जात राहिले. एका बाईने तर पोराच्या हातातली फोड काढून फेकली. रेवाबाई कुणाशी भांडली नाही. संध्याकाळी तिने भरलेली टोपली डोक्यावर घेतली.

पुढच्या हंगामात तिने काकडी लावली नाही. नंदुरबारला मिरचीचे देठ खुडायला जाते, असं कळलं. एकदा रिक्षात समोरच बसली. मला ओळखलं. हाताची आग होते म्हणून बोटांना तेल चोपडलेलं होतं. "बरी शे ना, ताई?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं, आणि माझा थांबा येण्याआधीच उतरले.

तिच्या काकडीत विष नव्हतं. यात्रेत पत्रकं वाटली तेव्हा मला ते माहीत होतं.