वळणाबाहेरची मेथी

वर्षाली राखोंडे रस्ते बांधते. हे ऐकलं की वऱ्हाडातला माणूस आधी तिच्याकडे आदरानं पाहतो, मग संशयानं, आणि शेवटी आपल्या गावच्या खड्ड्यांचा जाब तिलाच विचारतो. मग तिला सांगावं लागतं की तिचे रस्ते कुठल्याच गावाला जात नाहीत. ते जिथून निघतात तिथंच परत येतात. त्यांच्यावरून बुटक्या, बिनछपराच्या, पोट जमिनीला टेकेल की काय अशा गाड्या धावतात. त्यांना गो-कार्ट म्हणतात, आणि त्यांत बसायला लोक हौसेनं तिकीट काढतात.

"म्हंजे गोल गोल फिरतेत?" दर्यापूरकडून बघायला आलेल्या एका होऊ घातलेल्या सासूबाईंनी विचारलं होतं.

"गोल नाही. वळणं असतात."

"पन पोचतेत कुठं?"

"निघाल्या तिथंच."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "मंग घरीच बसलं तं काय वाईट?" त्या म्हणाल्या. हे गाड्यांबद्दल होतं की वर्षालीबद्दल, ते विचारायचं धाडस कुणी केलं नाही. स्थळही आलं तिथंच परत गेलं.

वर्षालीचं घर पातूरचं. वडील रामराव भाजी आणि फुलं पिकवतात. त्यांच्या मळ्यात रिकामी जागा ही चीजच नाही. वांग्याच्या दोन ओळींमध्ये कोथिंबीर, बांधावर शेवंती, विहिरीच्या ओलीला अळू, आणि जिथं काहीच येत नाही तिथं दोडक्याचा वेल. असल्या घरातली मुलगी शिकून इंजिनियर झाली आणि जन्मभर रिकाम्या जागेसाठी लोकांशी भांडत बसली. रामरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचेही पैसे देतेत लोक?"

देत नाहीत, हीच तर तक्रार होती. कार्टच्या ट्रॅकचं सगळं शास्त्र वळणात असतं, आणि वळणाचं अर्धं शास्त्र वळणाच्या बाहेर. भरधाव आलेला माणूस कधीतरी चुकतोच. घाबरतो, भलताच पाय दाबतो, स्टिअरिंगचं चाक घट्ट धरून बसतो. आणि चुकलेला माणूस वळत नाही, सरळ जातो. म्हणून लांब पट्टा जिथं संपतो तिथं वळणाबाहेर मोकळी जागा सोडायची आणि तिच्याही पलीकडं जुन्या टायरांची भिंत रचायची. माणसाला चुकायची मुभा असलेली तेवढी एकच जागा. नकाशात ती कोरी दिसते, आणि मालकाचं बोट नेमकं तिथंच जाऊन टेकतं.

परतवाड्याच्या एका रिसॉर्टवाल्यानं तिथं सिमेंटचा वाघ बसवला. मेळघाटात जाऊन वाघ दिसत नाही, निदान इथं तरी दिसावा, ही त्यामागची समाजसेवा. कार्ट वाघावर आदळत राहिली आणि वाघाचा पुढचा पाय इतक्यांदा नव्यानं लिंपला गेला की शेवटी तो हत्तीचा वाटू लागला. अकोल्याच्या लॉनवाल्यानं त्याच जागी सेल्फीसाठी लोखंडी बदाम उभा केला, आत दिव्यांची माळ. त्या बदामाला एक कॉलेजातली मुलगी जाऊन धडकली. खांद्याचं हाड मोडलं. मालकानं दवाखान्यात शहाळं पोचवलं आणि परत येऊन बदामाला नवा रंग दिला.

वर्षाली मुलीला भेटायला गेली. मुलगी गळपट्टीतला हात सांभाळत म्हणाली, "माहीच चूक होती, ताई. मले वळताच नाही आलं."

बाहेर पडताना वर्षालीनं ठरवून टाकलं. पुढच्या ट्रॅकवर ती जागा मोकळी राहिली तर हे काम करायचं. नाही राहिली, तर कापडाच्या कारखान्यांना शेड बांधून द्यायच्या. शेडबाहेर कुणी वाघ बसवला तरी कुणाचं हाड मोडत नाही.

पुढचा ट्रॅक नेमका कारखान्यांच्या शेजारी निघाला, नांदगाव पेठेजवळ, वामनराव निंभोरकरांच्या शेतात. कल्पना त्यांच्या मुलाची, विपुलची. पुण्यातल्या बऱ्याच नोकऱ्यांवर पाणी सोडून तो गावाकडं 'काहीतरी वेगळं' करायला परतला होता. जमीन वामनरावांची असल्यामुळं वेगळं म्हणजे काय, हे वामनराव ठरवणार होते. आणि वामनराव होते जुने शंकरपटवाले. बैलजोड्या पळवण्यात त्यांची उमर गेली होती. पटात जोडी सरळ रेषेत सुटते, घड्याळावर तिचा वेळ धरतात, आणि जिथं ती पोचते तिथं मंडपात मानाची माणसं बसलेली असतात. देवानं याहून निराळी शर्यत निर्माण केली असेल, हे त्यांना पटत नव्हतं.

वर्षालीनं नकाशा खाटेवर पसरला. वारा होता म्हणून कोपऱ्यांवर कांदे ठेवले.

"हे काय वं बाई? आतडे काढून ठेवल्यावानी?"

"वळणं हायेत, काका."

"कायले पाह्यजे वळणं? जमीन सरळ हाये आपली. सोड ना सरळ."

विपुल मधे पडला. "बाबा, सरळ असलं तं त्याले कार्टिंग नाही म्हनत."

"मंग काय म्हनतेत?"

"रस्ता."

"तं रस्त्यानं काय शर्यत होत नाही? तू मोटरसायकल नेतं तवा काय असते थे?"

शेवटी तडजोड झाली. वळणं वर्षालीची, आणि एक लांबलचक सरळ पट्टा वामनरावांच्या मनासारखा. पट्टा तिनं खुशीनं काढला, कारण त्याच्याशिवाय ट्रॅकला दम नसतो. पण पट्टा वाढला तशी त्याच्या टोकाची कोरी जागाही वाढली. आता तिथं लग्नाची पंगत बसली असती.

काम सुरू झालं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर टाकलेलं डांबर वर्षभर टिकत नाही. म्हणून ट्रॅकच्या रुंदीभर ती खणून काढली आणि मुरूम भरला. माती बाहेर पडत होती तेव्हा वामनराव तेरवीला आल्यासारखे बाजूला उभे होते. मग एके दिवशी वर्षालीनं खुंटी ठोकून, दोरी धरून वळणांवर चुन्याची फक्की ओढली. उतरत्या उन्हात काळ्या शेतावर ती पांढरी रेघ अशी वळत गेली की फावडी टेकून मजूर बघत राहिले. वामनरावसुद्धा बघत राहिले. मग ते पट्ट्याच्या टोकाशी, रेघेच्या बाहेर गेले, आणि पायानं जमिनीवर फुली मारली.

"इथं मंडप."

"इथं काहीच नाही, काका. मोकळी जागा हाये."

"काहीच नाही कायले?"

"गाडी चुकली तं इथं येऊन थांबते."

"चुकन काहून? चुकनाऱ्याले बसवाचंच नाही."

"नवा मानूस चुकतेच."

"आन् पाव्हने कुठं बसतीन? जोडी समोरून येतांनी दिसली पाह्यजे. पटात मंडप टोकालेच असते."

"पटात बैलाले तरी समजते का समोर मानसं हायेत. कार्टले नाही समजत."

"बैलाची बरोबरी करू नोको!" तिचंच म्हणणं तिच्यावर उलटवून वामनराव गरजले. "मंडप इथंच."

वर्षालीनं अकोल्याच्या मुलीची हकीकत सांगितली. वामनरावांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि फुली जरा खोल केली. विपुलनं मधला मार्ग काढला: मंडप इथंच घालायचा, फक्त सोफ्यावर बसणाऱ्यांनी लक्ष ठेवायचं.

ती बांधावर येऊन बसली. शेडवाल्या कारखान्याचा नंबर फोनमध्ये होता, तो तिनं काढूनही पाहिला. तेवढ्यात वामनरावांच्या घरच्या, वच्छलाबाई, चहा घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"एवढी जागा पडीकच ठेवतं, माय? भरल्या घरात रिकामं भांडं पाहावं तसं वाटते मले."

वर्षालीनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या डोक्यात जे आलं ते तिच्या अभ्यासातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं, पातूरच्या मळ्यात मात्र ढीगभर होतं.

"काकू, पेराल काही तिथं? बुटकं. ज्याले खोड नसते असं."

"मेथी टाकतो ना." मग वच्छलाबाईंना सगळंच समजलं. "आन् उभ्या पिकावर थे मंडप घालनार नाहीत. एक वेळ माह्या अंगावर घालतीन."

अशा रीतीनं, चुकलेल्या गाडीसाठी वाळू, खडी किंवा गवत सांगणाऱ्या तमाम तज्ज्ञांना बाजूला सारून, वर्षालीनं मेथीला मंजुरी दिली. तिला स्वतःची लाज वाटली. पिकाचं पाणी ट्रॅकखाली मुरू नये म्हणून दोन्हींच्या मधे तिनं चर खणून त्यात मुरूम भरून घेतला, तेव्हा लाज थोडी कमी झाली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मंडपवाला बांबू, पाईप आणि सोफे घेऊन आला. वामनराव ऐटीत त्याला जागा दाखवायला निघाले आणि चराशी थबकले. समोर बोटभर उंचीची मेथी हिरवीगार उभी होती.

"हे कोनं केलं?"

"म्या," वच्छलाबाई ओसरीवरूनच म्हणाल्या. "पडून होती जागा."

वामनराव मेथीच्या डाव्या बाजूला गेले, उजव्या बाजूला गेले, वाकून एक पान तोडून चावलं. मग मंडपवाल्यावर उखडले, "दिसत नाही का बे, पीक उभं हाये? तिकडं घाल, सुरुवातीच्या बाजूले!" मंडपवाला तोपर्यंत एक शब्दही बोललेला नव्हता.

वर्षालीला आनंद झाला आणि तो नीट गिळता आला नाही. मोडलेल्या हाडानं जे झालं नव्हतं, ते भाजीनं झालं होतं.

उद्घाटनाला एक माजी सभापती होते, एक होऊ घातलेले सभापती होते, आणि दोघांना हार घालणारी माणसं तीच होती. पहिली फेरी अर्थातच मालकाची. वामनरावांचा फेटा हेल्मेटमध्ये मावेना, तेव्हा हेल्मेटवर फेटा बांधला गेला. विपुल खाली वाकून सांगू लागला, "बाबा, उजवा पाय पळवाचा, डावा..."

"मले नोको शिकवू. जोड्या पळवल्या म्या."

पट्ट्यावरून ते देखणे गेले. पाठ ताठ, हात घट्ट, मंडपातून शिट्ट्या. वळण आलं. वामनरावांनी वळणाकडं पाहिलंसुद्धा नाही. आयुष्यभर ज्या रेषेत जोड्या सोडल्या, त्याच रेषेत ते गेले. चाकं चरावरून उडाली, मेथीत शिरली, ओल्या काळ्या मातीत रुतत गेली. चिखलाचा एक पंखा उठला. कार्ट टायरांच्या भिंतीच्या पुष्कळ अलीकडं थांबलं. फेटा थोडा पुढं जाऊन थांबला.

मग माईकवाल्यानं "जोरदार टाळ्या!" म्हटलं आणि पाहुण्यांनी, कार्यक्रमच असा असावा समजून, वाजवल्या.

"माही मेथी!" वच्छलाबाई पदर खोचून धावल्या. जवळ गेल्यावर आवाज उतरला. "लागलं का वो कुठं?"

वामनरावांनी मान हलवली. ते उठले नाहीत. हात स्टिअरिंगवरच ठेवून त्यांनी मागं पाहिलं. आपल्याच पायानं फुली मारलेली ती जागा त्यांच्या मागं राहिली होती. तिच्यावरून चाकांचे दोन खोल ओरखडे सरळ गेले होते.

वर्षाली धापा टाकत पोचली. त्यांनी हळूच विचारलं, "तिथं कोन बसनार होतं?"

"माजी सभापती."

"आनखी?"

"पहिल्या सोफ्यावर काकू."

वामनरावांनी वच्छलाबाईंकडं पाहिलं. त्या खाली वाकून, मोडलेल्या मेथीतली बरी मेथी खुडून ओच्यात घेत होत्या.

"थांबवाचा पाय कोनता म्हने?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"आंधी सांगाले पाह्यजे होतं."

मग त्यांनी अमरावतीभर सांगितलं की मेथीनं वाचवलं. विपुलनं व्हिडिओ टाकला, तो अकोल्यापर्यंत पोचला. त्यात वामनराव होते, फेटा होता, मेथी तर होतीच. जागा कुणी सोडली, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. वर्षालीला वच्छलाबाईंकडून मेथीची एक भलीमोठी जुडी आली. शेडवाल्याचा नंबर तिनं काढून टाकला.

आता तिच्या नकाशात कोरं काहीच नसतं. परवा अकोल्यात तेलघाणीवाले किशोरभाऊ तिच्यासमोर बसले होते. पातूर रोडवरच्या त्यांच्या जमिनीचा नकाशा टेबलावर होता. पट्ट्याच्या टोकाशी, वळणाबाहेर, हिरव्या पेननं लिहिलं होतं: मेथी. किशोरभाऊंचं बोट तिथंच जाऊन थांबलं.

"हे नाही जमनार, मॅडम."

वर्षालीनं पेन खाली ठेवलं. "काहून?"

"मेथीले पानी लय लागते. हरभरा टाका ना."

"घाटे धरल्यावर गाडी आत गेली तं?"

"तं मोडलेल्या घाट्यांचा हुळा भाजू," किशोरभाऊ म्हणाले. "त्यात काय एवढं?"

तिनं मेथी खोडली आणि हरभरा लिहिला. लिहिता लिहिता जागाही थोडी वाढवून घेतली. किशोरभाऊंनी हरकत घेतली नाही. पीक जास्त येणार होतं.