इंदिओ म्हणजे कोण

जेवणाच्या टेबलाजवळ मला उभं करून मॅडमनं खांद्यावर हात ठेवला आणि स्पेनच्या पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द मला ऐकू आला. "इंदिआ." पाहुणे हसले. मोबाईल वर झाले. मीही हसले. वाटलं, देशाचं नाव घेतलं.

हे जव्हारबाहेरच्या एका रिसॉर्टमध्ये. मी सूर्यमाळकडच्या पाड्यावरची, आश्रमशाळेत बारावी झालेली. रिसॉर्टमध्ये जेवण वाढायचे. मॅडम म्हणजे तिथली मालकीण, पुण्याची, पूर्वी स्पॅनिश शिकवायची. एरवी मी पंजाबी ड्रेसवर असायचे. पाहुणे येणार म्हटल्यावर तिनं मला गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसवलं. माझी आयसुद्धा आता तसं नेसत नाही. पण बाईला खरीखुरी आदिवासी दाखवायची होती.

वाढताना डाळ सांडली. थोडीशीच. बाई खिदळली, "नो आगास एल इंदिओ!" सगळं टेबल हसलं. एक पाहुणी तेवढी ताटात बघत राहिली.

तेव्हा मला शंका आली. स्वयंपाकघरात विचारलं, "मॅडम, इंदिओ म्हणजे काय?"

तिच्यातली मास्तरीण खूश झाली. "साधं नाम आहे गं. पुरुष इंदिओ, बाई इंदिआ. मूळ अर्थ इंडियाचा माणूस. पण तिकडे अमेरिकेतल्या जंगली लोकांना म्हणतात. आणि कुणी बावळटपणा केला, की म्हणायचं, इंदिओगिरी करू नकोस. गंमत असते."

"मंग तुम्ही पण इंदिआच ना?"

"मी?" ती खरंच चकित झाली. "मला कोण म्हणेल!"

एवढी शिकलेली बाई. सातासमुद्रापलीकडची भाषा शिकली, आणि त्या भाषेतून उचललं काय, तर आम्हाला हिणवायला आणखी एक शब्द. मराठीतले पुरले नाहीत हिला. मला राग नाही आला. किळस आली.

सकाळी तिनं पुन्हा लुगडं पुढं केलं. "चल, फोटो काढायचेत."

"मी नाय नेसणार. तुम्ही नेसा."

पाहुणे समोर, त्यामुळे ओरडता येईना. तोंड हसरं ठेवून ती पुटपुटली, "तुम्हा लोकांना कितीही जवळ करा!"

तुम्हा लोकांना. याचा अर्थ विचारावा लागला नाही.

मी ड्रेसवरच निघाले. मोखाड्याची जीप धरली. मला काढून टाकलं असं ती सांगते म्हणे. सांगू दे.

आता टेकडावर रेंज मिळते तिथं बसून मी स्पॅनिश शिकते. कुणाच्या ताटात वाढण्यासाठी नाही. यापुढं कुणी गोड तोंडानं माझ्यावर शब्द फेकला, तर तो त्याच क्षणी मला कळणार. आणि उत्तर त्याच भाषेत, त्यांच्याच टेबलावर, सगळ्यांदेखत देणार.