पोटावर तांब्या

माझ्या पोटाला एकदा पितळेचा तांब्या चिकटला होता आणि त्याच अवस्थेत मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीला पचनसंस्था समजावून सांगितली.

आमचं घर पत्रकांचं. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली. मी मुळाक्षरांआधी 'जाहीर निषेध' वाचायला शिकलो! त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या ओंकारचं अपेंडिक्स दुखत असताना शेजारच्या म्हात्रेकाकू दोन दिवस त्याची 'सरकलेली बेंबी' बसवत राहिल्या आणि पोरगा थोडक्यात वाचला, तेव्हा मी पेटलो. काकूंचा उपाय एकच. बेंबीवर पेटती वात, तिच्यावर उपडा तांब्या. वात विझते, तांब्या कातडी ओढून घट्ट बसतो आणि म्हणे बेंबी जागेवर येते! मी पत्रक छापलं: 'बेंबी सरकत नाही, अक्कल सरकते!' (शीर्षक माझंच. तेव्हा अभिमान होता.) रविवारी संध्याकाळी सहाला हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. पुन्हा कुणाचा ओंकार होऊ द्यायचा नव्हता.

पत्रकातला पहिला नियम होता, 'सावकाश चावून खा.' ते वाटता वाटता मी पाच वडापाव गिळले.

साडेपाचला कळ आली. मी सोफ्यावर आडवा.

"कुठे दुखतंय?" आईने विचारलं.

"जठरात. वर, डावीकडे. गॅस आहे, होईल कमी..."

"कधी? सहाला व्याख्यान आहे ना तुझं?" आणि दार उघडून तिने हाक मारली, "म्हात्रेकाकू, जरा येता का?"

"आई! तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"आधी उभा राहून दाखव. मग तत्त्व."

उभं राहता येईना. काकू वात आणि तांब्या घेऊनच आल्या.

"बेंबी सरकलीय रं पोरा."

"काकू, बेंबी सरकत नाही."

"बरं, नाय सरकत. सदरा वर कर."

मी केला!

तांब्या बसला. पण निघेना! एरवी कडेला बोट दाबलं की सुटतो. माझं पोट ढोलकीसारखं ताणलेलं, बोट रुतायला जागाच नाही. काकूंनी ओढला, आईने ओढला, मी ओरडलो. तेवढ्यात खालून बाबांचा फोन, "हॉल भरलाय. कुठे आहेस?"

शेवटी बाबांचा ढगळ झब्बा चढवला आणि एका हाताने तांब्या धरून माईकसमोर उभा राहिलो. पहिल्या रांगेत ओंकार आणि त्याची आई. मागून कुणीतरी म्हणालं, "पोट सुटलं रे याचं!"

"जठर ही स्नायूंची पिशवी," मी घाम पुसत सुरुवात केली. "ती अन्न घुसळते, त्यावर आम्ल सोडते आणि तयार झालेली पेज थोडी थोडी आतड्यात ढकलते. तीन-चार तास लागतात." (माझ्या वड्यांना अजून बराच वेळ होता.) "घाईने गिळलं, की अन्नासोबत हवाही आत जाते. आणि ही हवा..."

ती नेमकी तेव्हाच निघाली. माईकमध्ये! एवढी मोठी ढेकर त्या हॉलने ऐकली नव्हती. पोट बसलं, तांब्या सुटला, ठण्णकन आपटला आणि गडगडत माझ्यामागोमाग आलेल्या काकूंच्या पायाशी गेला.

बाबांनी डोळे मिटले.

"बसली बेंबी!" काकूंनी तांब्या उंचावून जाहीर केलं. टाळ्या! तिघंजण तिथल्या तिथे पोट धरून काकूंपुढे रांगेत उभे राहिले.

"ती हवा होती! वर, जठरात दुखत होतं!" मी किंचाळलो. ऐकतो कोण?

तेवढ्यात ओंकार उठला. "काकू, दादाचं वर दुखत होतं. माझं उजवीकडे खाली दुखत होतं. तुम्ही विचारलंच नव्हतं."

काकूंचा हात हळूहळू खाली आला. तांब्या त्यांनी पदराखाली घेतला.

त्या दिवसापासून काकू आधी कुठे दुखतंय ते विचारतात. उजवीकडे खाली म्हटलं, की त्या स्वतः रिक्षा बोलावतात. दवाखान्यात पोचेपर्यंत सोबत बसतात.

माझं पत्रक मात्र कुणीच वाचलं नाही. उरलेले गठ्ठे काकू घेऊन गेल्या. वात पेटवायला कागद बरा आहे म्हणाल्या.

मी दिले. वरच्या प्रतीवर त्यांनी सही मागितली, तीही केली.