कलम एक, पोटकलम तीन

मुंबईच्या विधानसभेत मी कधी पाऊल टाकलं नाही, पण सोनगीरच्या पारावर मी ती स्वतः भरवली आहे. अध्यक्ष मी, मंत्री मी, विरोधी पक्षही मीच. "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे!" असं मी गर्जलो की अख्खा पार "होय" म्हणून ओरडायचा, आणि झोपलेली कुत्री उठून पळायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धुळ्यात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, मी आणि नाना बसायचो. नाना आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. आरोग्याविषयी कोणतं विधेयक आलं, कुठे अडलं, कधी मंजूर झालं याची आम्ही नोंद ठेवायचो आणि गावोगावी जाऊन ते सोपं करून सांगायचो. टपालाने राजपत्र आलं की नाना ओळीखाली पट्टी धरून वाचायचे. मी त्यात नाटक शोधायचो.

एकदा मोठं घबाड हाती आलं. जीव धोक्यात असलेल्या रोग्याला कुठल्याही खासगी दवाखान्याने आधी उपचार द्यायचे, दारातून परत पाठवायचं नाही, असा कायदा मंजूर झाला होता. मी लगेच एका पानाचा मजकूर करून त्याच्या प्रती काढल्या.

"पहिलं कलम कुठं गेलं?" नानांनी विचारलं.

"नाव, विस्तार आणि प्रारंभ! नाना, लोक जांभया देतील हो."

"तू वाचलंस का ते?"

"सगळ्या कायद्यांत तेच तर असतं."

"मोठा नटसम्राट लागून गेलास," असं म्हणून नाना हसले आणि त्यांनी विषय सोडला.

सोनगीरला त्या दिवशी प्रयोग असा रंगला की काय सांगू! पुढे बसलेल्या एका आबांनी दोन प्रती मागून घेतल्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती.

दोन महिन्यांनी तेच आबा आमचा जिना चढून आले. हातात घडी घातलेली प्रत. लेक अडली तेव्हा त्यांनी तिला जीपने धुळ्याला आणलं. सरकारी दवाखाना ओलांडून पुढे, चांगल्या खासगी दवाखान्यात नेलं, कारण कायदा खिशात होता. तिथे दारात अर्धा तास हुज्जत चालली. मग जीप पुन्हा सरकारी दवाखान्याकडे वळली. लेक वाचली. बाळ गेलं.

"भाऊ, डॉक्टर म्हने, हाऊ कायदा अजून लागू नही शे," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते.

नानांनी राजपत्र काढलं आणि पट्टी ठेवली. कलम एक, पोटकलम तीन. हा अधिनियम, शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल.

"मंग ती तारीख उनी का?"

"नाही आली, आबा."

"कव्हय यी?"

नानांनी राजपत्रावरची पट्टी उचलली. मी पुटपुटलो, "सांगता येत नाही." आबांनी मान हलवली, प्रत पुन्हा खिशात ठेवली आणि जिना उतरून गेले. ती ओळ मी गाळली, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी राजपत्र घेऊन मी सोनगीरला गेलो. आबा शेतात गेले होते. लेक ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. सातवी शिकलेली पोरगी. मी ती ओळ तिला वाचून दाखवली, साध्या आवाजात.

"हाई त्या कागदवर व्हतं?" तिने विचारलं.

"नव्हतं. मी गाळलं."

तिने राजपत्र माझ्या हातातून घेतलं आणि त्या ओळीवरून बोट फिरवत स्वतः वाचलं. खूप वेळ लावला.

"जीपमा मीच आबाले वाची दखाडं," ती म्हणाली. "दोन येळा. इतला दिन माले वाटे, मन्हाच वाचामा काही राही गे व्हई."