पस्तीस टक्के चिकणमाती

नमुना: निमकर, पद्मजा विवेक. आढळस्थान: ट्रॉय, मिशिगन. मूळ उगम अकोला. तेथून १९७० साली वाहून आलेला. वय त्रेचाळीस. उंची पाच फूट एक इंच, गमबूट धरून पाच फूट अडीच. रंग: सावलीत गव्हाळ, उन्हात तांबूस. घडण: घट्ट. चिकटपणा: अतिशय, एकदा धरलेला मुद्दा सुटत नाही. निचरा: सावकाश, राग तीन दिवस साचून राहतो. खड्यांचे प्रमाण: बोलण्यात एरवी पंधरा टक्के, नवऱ्याशी बोलताना दुप्पट. उपयुक्तता: बारमाही. मर्यादा: भिशी व हळदीकुंकू यांस अयोग्य.

जमिनीचं वर्णन ज्या सरकारी फॉर्मवर लिहितात, तोच कोरा फॉर्म भरून विवेकने बायकोच्या वाढदिवशी फ्रिजवर लावला होता. शिक्का हवा म्हणून खाली बटाट्याचा ठसा उमटवला होता. पद्मजाने तो वाचला, लाल पेनने दोन दुरुस्त्या केल्या आणि तिथेच राहू दिला.

अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातून मृदाशास्त्रात एम.एस्सी. झालेली ही बाई काउंटीच्या माती-सर्वेक्षण ऑफिसात नोकरीला होती. ट्रॉयच्या मराठी मंडळात सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. त्यामुळे तिची ओळख करून देताना लोक जरा अडखळत. ‘ह्या पद्मजाताई. ह्या... सॉइल करतात.’ मग ऐकणाराही सहानुभूतीने मान हलवी.

१९८४ साली तिच्या वाट्याला ट्रॉयपासून तासाभरावरची नदीकाठची एक टेरेस आली होती. टेरेस म्हणजे गच्ची नव्हे. बारा-पंधरा हजार वर्षांपूर्वी इथला बर्फ वितळला, त्या पाण्याने वाळू-गोटे वाहून आणून सपाट पायऱ्या रचल्या, त्यांतली ही एक. अशा पायरीवर खणलं की वाळू आणि गोटे लागतात, असं पुस्तकं सांगतात. पद्मजाने खणलं तर गोटे लागलेच, पण त्यांच्या मधे लोण्यासारखी चिकणमाती ठासून भरलेली. एकेका गोट्यावर तपकिरी, चकचकीत थर, जणू कुणी पाकात घोळवून वाळत ठेवलाय.

वर्गीकरणाचा नियम साधा होता. जमिनीत आकारमानाने पस्तीस टक्के खडे हवेत. आणि खडे काढून उरलेल्या मातीत पस्तीस टक्के चिकणमाती हवी. दोन्ही विषयांत पस्तीस पडले तर माती वरच्या वर्गात जाते, तिला स्वतःचं नाव मिळतं, नकाशावर जागा मिळते. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बाईला पस्तीसचं महत्त्व समजावून सांगायची गरज नव्हती. खड्यांत पंचेचाळीस होते. अडलं होतं ते दुसऱ्या पेपरात.

पेपर तपासणार होते मिस्टर डेकर. राज्याच्या ऑफिसातून वर्षातून एकदा येणारा सव्वासहा फुटी माणूस, ज्याचा शब्द शेवटचा. त्यांनी पोस्टाने आलेला नमुना बोटांत चुरून ‘तीस टक्के’ असा शेरा धाडला होता. तोच कायम झाला, तर पद्मजाचे दोन उन्हाळे आणि बाराशे एकर शेजारच्या मामुली मातीत ‘किरकोळ फरक’ म्हणून जमा होणार होते. लॅबकडे नमुना पाठवायचा की नाही, हेही डेकरच ठरवणार. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते स्वतः खड्ड्यात उतरून निकाल देणार होते.

म्हणून पद्मजा आदल्या आठवड्यात एकटी त्या शेतात गेली, खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिने माती खाल्ली.

यात नवल नाही. या धंद्यातली जुनी माणसं हेच करतात. बोटांना बारीक वाळू आधी लागते आणि ती फसवते. दाताखाली खरं कळतं. वाळू कचकचते, गाळ पिठूळ लागतो, चिकणमाती मऊ सरकते. पद्मजाने चिमूटभर जिभेवर घेतली, डोळे मिटले, सावकाश चावली. मऊ. आणखी एक चिमूट घेतली. अगदी मऊ! तिच्या चेहऱ्यावर परमानंद पसरला.

नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरून सरलाकाकू आणि राजारामकाका सफरचंदं तोडायला चालले होते. मंडळातल्या सर्वांत जुन्या बिऱ्हाडांपैकी हे एक. नारिंगी जॅकेटवरची लांब वेणी पाहून काकूंनी गाडी थांबवायला लावली, हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग त्या परत गाडीत येऊन बसल्या.

‘‘काय झालं?’’ काका म्हणाले.

‘‘माती खातेय. डोळे मिटून! मला सुलेखाच्या वेळी पाटीची पेन्सिल लागायची, आठवतंय ना?’’

‘‘अगं, तिची दीपा पंधरा वर्षांची आहे.’’

‘‘म्हणूनच लपून खातेय बिचारी.’’

संध्याकाळपर्यंत ट्रॉयमधल्या सगळ्या मराठी घरांतले फोन वाजून गेले. आठ वाजता पद्मजाचा वाजला.

‘‘काही लागलं तर सांग हं,’’ सरलाकाकू म्हणाल्या. ‘‘चिंच आहे माझ्याकडे. लिंबाचं लोणचंही मुरलंय.’’

‘‘कशाला, काकू?’’

‘‘मला सगळं कळलंय.’’

सगळं काय ते कळायला पद्मजाला पाच मिनिटं लागली. मग ती किंचाळली, ‘‘काकू, मला काहीही झालेलं नाही! मी क्ले चेक करत होते!’’

‘‘अगदी बरोबर. तीन महिने होईपर्यंत नाहीच म्हणायचं असतं.’’

यावर इलाज नव्हता. ‘हो’ म्हटलं तर हो, आणि ‘नाही’ म्हटलं तर पहिले तीन महिने चालू आहेत याचा पुरावा. पद्मजाने चार घरी फोन करून नाही म्हणून सांगितलं. चारही घरांची खात्री पटली. विवेकला गिअरबॉक्सच्या मीटिंगमध्ये एका देशपांड्याने मिठी मारली. तो घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. ‘‘मला सगळ्यांत शेवटी कळावं?’’

‘‘तुला कळण्यासारखं काही नाहीये, विवेक!’’

‘‘लोकांना तू हेच सांगतेयस म्हणे.’’

दीपा जिन्यात उभी होती. ‘‘मॉम, दॅट इज सो ग्रोस,’’ एवढं बोलून ती खोलीत गेली आणि तिने दार लावलं.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण सरलाकाकू जबाबदार बाई. पोटुशी बाईने पाच फूट खोल खड्ड्यात उतरणं त्यांना पटेना. त्यांनी डिरेक्टरीत ऑफिसचा नंबर शोधला आणि पद्मजाचे साहेब लॉइड यांना फोन करून परिस्थिती नाजूक असल्याचं कळवलं. लॉइड पाच मुलांचा बाप. तो कानापर्यंत लाल झाला. पद्मजाने त्यालाही नाही म्हणून सांगितलं. ‘‘ऑफकोर्स,’’ लॉइड नजर खाली करून म्हणाला. ‘‘तुझ्या मैत्रिणीने सांगितलंय, तू असंच म्हणशील.’’

निकालाच्या दिवशी लॉइडने घरून बागेतली घडीची खुर्ची आणली. खड्ड्यापासून दहा फुटांवर मांडली, तीवर उशी ठेवली आणि छत्री रोवली. पद्मजा खुर्चीत. हातात दुधाचा ग्लास, तोही लॉइडचाच. खड्ड्यात डेकर, लॉइड आणि शेजारच्या काउंटीचा एक सर्वेक्षक. ते वाकून तिच्या मातीबद्दल बोलत होते आणि तिला तीन टोप्या दिसत होत्या.

‘‘खडे भरपूर,’’ डेकरांचा आवाज आला.

‘‘पंचेचाळीस टक्के!’’ पद्मजा ओरडली.

‘‘तू आराम कर,’’ लॉइडची टोपी म्हणाली.

‘‘माती खरखरीत लागतेय. तीस, फार तर बत्तीस,’’ डेकर म्हणाले.

‘‘किती वेळ मळलीत?’’

‘‘अर्धा मिनिट.’’

‘‘अर्ध्या मिनिटात पोळीची कणीकसुद्धा होत नाही, मिस्टर डेकर! दोन मिनिटं मळा, पाणी लावा, गुठळ्या फुटू द्या!’’

‘‘तिला वारा लागतोय का?’’ दुसरा सर्वेक्षक लॉइडला विचारत होता.

‘‘बत्तीस,’’ डेकर म्हणाले. ‘‘लिहून घे.’’

पद्मजाने ग्लास गवतात ठेवला. बूट आवळले. धावत आली आणि पाच फूट खोल खड्ड्यात तिने धप्पकन उडी मारली.

लॉइड असा ओरडला, की नदीकाठची बदकं उडाली. पद्मजा दोन्ही पायांवर उतरली, जॅकेट झटकलं, आणि भिंतीत बावीस इंचांवर चाकू खुपसून तिने तपकिरी गोळा काढला. तो पाण्याने ओला करून दोन मिनिटं मळला. मग तिने चार गोळ्या केल्या.

‘‘खा,’’ ती म्हणाली.

‘‘मी बारा वर्षांत माती खाल्लेली नाही,’’ डेकर म्हणाले.

‘‘दिसतंच आहे.’’

सव्वासहा फुटी माणसाने पाच फूट एक इंची बाईच्या हातातली एक गोळी उचलली. मग त्यांनी तोंड उघडलं. डेकरांनी खाल्ली म्हणून दुसऱ्याने खाल्ली, दुसऱ्याने खाल्ली म्हणून लॉइडने. चौघेही डोळे मिटून सावकाश चावू लागले.

खड्ड्याच्या काठावर सावली पडली. सरलाकाकू आल्या होत्या, हातात चार पुडांचा डबा, मागे राजारामकाका धापा टाकत. आत दही-भात, चिंचेचं सार आणि कैरीचं लोणचं होतं. त्यांनी खाली वाकून पाहिलं. तीन दाढीवाले पुरुष, डोक्यावर टोप्या, तोंडात माती, चेहऱ्यावर समाधान.

काकूंना सगळा प्रकार एका क्षणात उमगला. त्यांचा चेहरा पडला; दहा दिवसांचा आनंद होता तो. पण बाई मोठ्या मनाची. डबा खाली ठेवून त्यांनी डेकरांकडे बोट दाखवलं.

‘‘अगं पद्मजा, ह्यांना कितवा?’’

पद्मजाला असं हसू फुटलं, की ती खड्ड्याच्या तळाशी बसलीच. नाकातोंडातून माती. लॉइड ‘‘डॉक्टर! डॉक्टर!’’ म्हणत होता आणि राजारामकाका वरून ‘‘मी डॉक्टरच आहे, तिला काही झालेलं नाही,’’ असं सांगत होते. गेल्या दहा दिवसांत हे वाक्य उच्चारून ज्याच्यावर विश्वास बसला, असा हा पहिला माणूस.

‘‘काय म्हणतायत त्या?’’ डेकरांनी विचारलं.

‘‘त्या विचारतायत, तुम्हाला कितवा महिना आहे.’’

डेकरांनी जीभ टाळूवरून फिरवली, थुंकले, रुमालाने ओठ पुसले. हा माणूस हसलेला कुणी पाहिला नव्हता आणि आजही दिसला नाही.

‘‘सांगा त्यांना,’’ ते म्हणाले, ‘‘चाळीस.’’

‘‘चाळीस आठवडे?’’ काकू वरून म्हणाल्या. ‘‘मग आज-उद्याच की हो! दही-भात खाऊन घ्या म्हणावं, अंगात ताकद पाहिजे.’’

डेकरांनी बत्तीसवर काट मारली, चाळीस लिहिलं, शेजारी सही केली आणि नमुना लॅबकडे पाठवायला सांगितलं. मग सगळ्यांनी काठावर पाय सोडून दही-भात खाल्ला. लोणच्याने लॉइडच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते आनंदाचं असल्याचं सांगितलं. खुर्ची रिकामी होती, तीत राजारामकाका जाऊन झोपले.

लॅबचा कागद नोव्हेंबरात आला: एकेचाळीस. त्या मातीचं नाव सरकारी यादीत ‘क्लेयी-स्केलेटल, मिक्स्ड, मेसिक, टिपिक हॅप्लुडाल्फ’ असं लागलं आणि काउंटीच्या नकाशावर बाराशे एकरांभोवती नवी रेघ आली. पद्मजाने नकाशाची एक प्रत शेतमालकाला नेऊन दिली. त्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली, थँक यू म्हणाला आणि घडी करून ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवली.

पुढल्या वर्षी त्याने तिथे मका लावला. त्याआधीही तो मकाच लावत होता.