निरोप देऊन झालेला माणूस

त्याला दोनदा निरोप देऊन झाला होता आणि तो अजून इथेच होता. रडून मोकळे झालेल्या घरच्यांसमोर गेलेला माणूस चहा मागत उभा राहिला तर त्यांची जी पंचाईत होईल, ती त्याच्यामुळे साऱ्यांची झाली होती. लोक रस्त्यात भेटले की आधी चपापायचे, मग हसायचे. "अरे, तू? अजून?" या 'अजून'चं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते एका परक्या देशाच्या सरकारकडे होतं, आणि ते सरकार काही त्या रस्त्याने जात नसे.

तो कवळ्या बनवायचा. दंतवैद्य पेशंटच्या बोडक्या हिरड्यांचं माप घेऊन लॅबमध्ये पाठवत. तिथे मापात प्लास्टर ओतून साचा निघायचा, साच्यावर मेण चढायचं आणि मेणात एकेक दात बसवला जायचा. दात बसवणं हे मानाचं काम, आणि ते त्याचं. खिडकीपाशी त्याचं टेबल होतं. दात तो किंचित वाकडे लावी. अगदी सरळ लावले की म्हातारा माणूस जन्मभर कुणाची तरी खुशामत करतोय असं दिसतं, असं त्याचं मत होतं.

अशात एका दूरच्या थंड देशात म्हातारे वाढले आणि कवळ्या करणारे कमी पडले. बाहेरून कोणत्या कामाची माणसं घ्यायची याची त्या देशाने यादी काढली, त्यात हे काम आलं. तिथल्या एका लॅबने त्याला नोकरी देऊ केली. सल्लागाराने, म्हणजे भिंतीवर जगाचा नकाशा लावून गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थाने, त्याचा हात हातात घेतला. "आता फक्त बॅग भरायची!"

आपल्याकडे बॅग कुणी गुपचूप भरत नाही. त्याने राजीनामा दिला. लॅबच्या मालकांना भाषणाची भारी हौस. कवळ्यांच्या धंद्यात बोलायचे प्रसंग कमी, त्यामुळे बरंच साठलेलं होतं. "आपला हिरा," ते म्हणाले, "आता परदेशात चमकणार!" वर्गणीतून चाकांची बॅग आली. त्याने आपली मेण कापायची सुरी टेबलावरून उचलली आणि राज्य सोपवावं तशी धाकटीच्या हातात ठेवली. धाकटी म्हणजे त्याच्याच हाताखाली शिकलेली मुलगी. तिचे डोळे भरून आले. त्याच दिवसापासून लॅबमध्ये त्याचं नाव पडलं विमान.

घरीही तेच. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमची खोली रिकामीच राहणार ना? मग मी शिकवणी सुरू करते." थोरल्या भावाने पलंग मोडून माळ्यावर टाकला. तो दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आला. काही दिवसांचाच तर प्रश्न होता.

मग नियम बदलला. भाषेच्या परीक्षेत त्याला जेवढे गुण होते, त्याहून किंचित जास्त लागू लागले. त्या देशातल्या म्हाताऱ्यांना दात नव्हते, त्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्याचे उच्चार स्पष्ट हवेत, असं काहीसं असावं.

"नियम बदलला म्हणून खचायचं नाही," खुर्ची फिरवत सल्लागार म्हणाला. "बदल म्हणजे संधी!" ही संधी कुणाची, हे त्याने फीबद्दल बोलायला सुरुवात केल्यावर कळलं.

लॅबमध्ये परत जाणं शक्य होतं. पण ज्या दारात आपल्यासाठी टाळ्या वाजल्या, त्याच दारातून डबा घेऊन आत कसं शिरायचं? तो सोफ्यावर बसून परीक्षेचा अभ्यास करू लागला. पलीकडच्या त्याच्याच खोलीत वहिनीच्या शिकवणीची पोरं पाढे म्हणत. पोरांचे पाढे पाठ झाले, तोही परीक्षा पास झाला. नातेवाइकांनी दुसऱ्यांदा निरोप दिला. या वेळी भाषण भावाने केलं, आणि आईने आधीच्यापेक्षा बेताने डोळे पुसले. अनुभव माणसाला काटकसर शिकवतो.

त्यानंतर यादीतून कवळ्याच गेल्या. त्या देशातल्या लोकांना एकाएकी पुरेसे दात आले होते.

असे महिने गेले. येणारे पाहुणे सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसत, कारण उरलेल्या सोफ्यावर त्याची उशी असे. आई एकदा हळूच म्हणाली, "तू एकदाचा जा तरी, नाहीतर राहा तरी." त्याला तेच तर हवं होतं. पण दोन्हींपैकी एकाचीही परवानगी कुणी देत नव्हतं.

पुढे कवळ्या यादीत परत आल्या, पण अट घेऊन. अर्जाआधीचं सबंध वर्ष माणूस याच कामावर हवा, आणि कामही कसबाचं हवं. म्हणजे जाण्यासाठी आधी इथे असणं भाग होतं, आणि तेवढं सोडून त्याने बाकी सगळं केलं होतं.

तो लॅबमध्ये गेला. मालकांनी त्याला पाहिलं आणि भाषण वाया गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं.

"टेबल आता धाकटीकडे आहे," ते म्हणाले. "दोघांना पुरेल एवढं कसबाचं काम नाही. प्लास्टर ओतायला माणूस हवाय. बघ."

त्याने बघितलं. मागच्या अंधाऱ्या खोलीत मोरी, पोती आणि रबराची वाटी. "प्लास्टर कसबात धरतात का?" त्याने सल्लागाराला फोनवर विचारलं.

"नाही हो. दातच हवेत. पण आत तर शिरा! टेबल काय, आज ना उद्या रिकामं होईलच."

तो आत शिरला. पहिल्या दिवशी कुणीतरी ओरडलं, "विमान खाली उतरलं रे!" सगळे हसले, तोही हसला. धाकटी मात्र हसली नाही. ती 'दादा' म्हणायची तशीच म्हणत राहिली. पण साच्यात बुडबुडा राहिला तर परत पाठवायची, आणि ते बरोबरच होतं. त्यानेच शिकवलं होतं.

टेबल कधी रिकामं होतंय, याकडे त्याचा जीव लागला. वर्ष मोजायला सुरुवात त्या टेबलावरूनच होणार होती. आणि एक दिवस मालक हात चोळत मागच्या खोलीत आले.

"धाकटीला परदेशातली नोकरी आली. तुझाच तो देश! शुक्रवारी निरोप समारंभ. राजीनामाही ती तिथेच देणार. वर्गणी काढ. आणि शनिवारपासून," त्यांनी त्याच्या पांढऱ्या झालेल्या खांद्यावर थाप मारली, "खिडकीपाशी तू."

इतकं सोपं होतं. वर्गणी द्यायची, टाळ्या वाजवायच्या, शनिवारी टेबलाशी बसायचं. त्याच्या जागेवर बसल्यामुळेच तिचं वर्ष भरलं होतं. आता ती निघाली की त्याचं सुरू. एवढा न्याय त्या देशाच्या सरकारलासुद्धा सुचला नसता.

"वर्गणी देणार नाही मी," तो म्हणाला.

ही बातमी लॅबभर पसरायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. "जळतोय." "स्वतःचं विमान उडालं नाही ना!" पॉलिशवाला तर तोंडावरच म्हणाला, "अहो, तिने तुमच्या बॅगेला दिले होते पैसे. थोडी तरी लाज?"

संध्याकाळी धाकटी मोरीपाशी आली. हात धुवायचं निमित्त होतं. हात स्वच्छच होते.

"दादा, मी जाऊ नये असं वाटतं तुम्हाला?"

"जा की."

"मग वर्गणीचं काय ऐकतेय मी?"

"व्हिसा लागला?"

"लागेलच. सल्लागार म्हणाला, आता फक्त बॅग भरायची."

तो वाटीत पाणी घालत होता. थांबला. "खुर्ची फिरवत म्हणाला?"

"हो. का?"

"राजीनामा देऊ नकोस. व्हिसा लागेपर्यंत नाही. तिकीट निघेपर्यंतही नाही. खोली सोडली आहेस?"

"घरमालकाला सांगितलंय तसं."

"आजच जा आणि नाही म्हण. आणि कुणाला भाषण करू देऊ नकोस. एकदा लोकांनी टाळ्या वाजवल्या ना, की मग परत यायची सोय राहत नाही."

तिने नळ बंद केला. "पण दादा, मी टेबल सोडलं नाही तर तुमचं..."

"प्लास्टर घट्ट होतंय. हो बाजूला."

शुक्रवारी समारंभ झाला, कारण मालकांचं भाषण पाठ झालेलं होतं. हिरा पुन्हा चमकला. शेवटी धाकटी उठली. म्हणाली, "मी राजीनामा देत नाहीये. व्हिसा लागला की सांगेन." टाळ्यांसाठी उचललेले हात कुणी खिशात घातले, कुणी केसांत. मालकांनी हातातला गुच्छ नक्की कुणाला द्यायचा हे न कळून टेबलावर ठेवला.

"आणि खिडकीपाशी आणखी एक स्टूल लागेल," ती म्हणाली. "वरचे दात दादा लावतील, खालचे मी. प्लास्टर दोघं आलटूनपालटून ओतू."

"पण एवढं काम कुठे आहे?" मालक म्हणाले.

"काम तेवढंच आहे. पगारही तेवढेच, आम्ही वाटून घेऊ."

वर्गणी न देणाऱ्याला हे असं फळ मिळालेलं पाहून पॉलिशवाल्याचा जगावरचा विश्वास उडाला.

शनिवारी तो खिडकीपाशी बसला. टेबल एका माणसासाठीच बनवलेलं, त्यामुळे कोपराला कोपर लागत होतं. दुपारी सल्लागाराचा फोन आला. वरचेच दात लावणारा माणूस पूर्ण कसबाचा धरतात की अर्ध्या, हे त्याने सकाळीच सल्लागाराला विचारून ठेवलं होतं. त्याचे हात मेणात होते. धाकटीने फोन त्याच्या कानाशी धरला.

"वरून कळवतो म्हणालेत," सल्लागार उत्साहाने सांगत होता. "पण नियम बदलण्याच्या आत कळलं तर तुमचं काम झालंच!"

"बरं," तो म्हणाला. मग धाकटीकडे वळून, "हा तुझा खालचा सुळा माझ्या वरच्यावर चढतोय बघ."

"तुमचाच वाकडा आहे, दादा."

"तो मुद्दाम आहे."

"मग माझाही मुद्दाम आहे. सरका जरा तिकडे."